खुर्ची पुढच्या दाराने आली

छत्रीचा तलवार म्हणून उपयोग करता येतो. तलवारीचा छत्री म्हणून येत नाही.

मेंढीला कवितेतलं काही कळत नाही. पण ती मधेच उठून जात नाही.

कुमहेलिग गावात पुढचं दार तिघांसाठी उघडतं : पाद्री, डॉक्टर आणि शवपेटी. बाकीच्यांनी मागून यावं आणि बूट बाहेर काढावेत.

हार्लेखच्या किल्ल्यात खुर्चीला तिकीट पडत नाही. पण हे कळायला वेळ लागतो.

हँडेल प्यू म्हणाला होता, "दोर निळाच घे. पिवळा दोर ऐन वेळी दगा देतो."

आता हे सगळं एकाच गाडीच्या टपावर कसं आलं, ते सांगायचं.

पेनरी प्रॉसरने जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसून मीटरच्या तक्रारी ऐकल्या आणि संध्याकाळी घरी येऊन कविता केल्या. दोन्हींची दखल कोणी घेतली नाही. निवृत्तीनंतर तक्रारी थांबल्या, कविता मात्र चालू राहिल्या. आणि एका दुपारी पार उत्तरेच्या टोकाच्या लानेर्विन गावातून फोन आला. त्या गावी दरवर्षी आयस्तेद्वोद भरतं : दोन दिवस गाणी, पाठांतर, विणकाम, सगळ्यात मोठं गाजर, आणि शेवटी सगळ्यांत चांगल्या कवितेला खुर्ची. खरीखुरी, ओकच्या लाकडाची, कोरीव, हातांची खुर्ची. ती पेनरीला मिळाली होती.

"मात्र समारंभापर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही हं," चिटणीसबाई फोनवर म्हणाल्या. "नाव तिथेच पुकारायचं असतं. आधी फुटलं तर मजा जाते."

पेनरीने ते फक्त बायकोला, आयर्लिसला, सांगितलं. आयर्लिसने कोणालाच सांगितलं नाही. तिने फक्त एक हॅट विकत घेतली. कुमहेलिगमध्ये तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातला हँडेल प्यू कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला.

"पेनरी, समजा. नुसतं समजा म्हणतोय. एखाद्या माणसाला उत्तरेकडून एखादी वस्तू आणायची आहे. लाकडी. हात असलेली."

"कसली वस्तू?"

"वस्तू आहे असं मी कुठे म्हणतोय? समजा म्हणतोय. तर त्या माणसाने गाडीच्या टपाला कॅरियर बसवावा. माझ्याकडे पडलाय एक. आणि दोर निळाच घ्यावा."

हँडेल गेला तशा शेजारच्या बेनन काकू आल्या. काकूंनी पेनरीला लंगोटात पाहिलेलं असल्यामुळे त्याच्या कवित्वाबद्दल त्यांना कधीच फारसा आदर वाटला नव्हता.

"उत्तरेला निघालात म्हणे. हवापालटाला?"

"हो, हवापालटालाच."

"चांगलं आहे. येताना जड काही आणू नकोस. आणि तुझं मागचं दार अरुंद आहे, पेनरी. मी आपलं सहज म्हणाले."

गुपित पाळायचं म्हणजे ते ठाऊक नसल्याचं नाटक सगळ्यांनी मिळून करायचं. आठवडाभर अख्ख्या गावाने ते इतक्या मन लावून केलं की पेनरीला वाटलं, आपण गुपित छान राखलं.

आयर्लिसची अट एकच होती. "इतक्या लांब जायचंच आहे, तर येताना मी सगळं बघत बघत येणार. किल्ले, समुद्र, डोंगर, पूल. लग्न झाल्यापासून तू मला कुठे नेलंस, सांग बघू?"

"स्वान्सीच्या बाजारात."

"तेच म्हणते मी."

गाडी तीच हाकणार होती. पेनरीने चॅपेलच्या फाटकाशी झालेल्या एका मतभेदानंतर स्टिअरिंग सोडलं होतं. फाटक अजून वाकडंच आहे.

*

समारंभ. लांबसडक नाकाचे परीक्षक व्यासपीठावर आले आणि नाकातूनच बोलले. कवितेत काय चांगलं आहे ते त्यांनी थोडक्यात सांगितलं, काय वाईट आहे ते सविस्तर सांगितलं, आणि मग म्हणाले, "टोपणनाव 'मागचं दार'. 'मागचं दार' यांनी उभं राहावं."

तुतारी वाजली. सभागृहाच्या मध्यावर पेनरी उभा राहिला. लोक माना वळवून बघू लागले. त्याला हाताला धरून पुढे नेलं, खुर्चीपाशी उभं केलं, डोक्यावर अर्धी उपसलेली तलवार धरली, आणि एका धिप्पाड गृहस्थाने विचारलं, "शांतता आहे का?"

"शांतता," सभागृह म्हणालं.

असं तीनदा. मग तलवार म्यानात गेली आणि पेनरी खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो म्हणाला, गवताची ॲलर्जी आहे. सभागृहात गवत नव्हतं.

खुर्ची पेनरीहून उंच होती आणि त्याच्याहून देखणी. फक्त एक गोष्ट आयर्लिसच्या नजरेला आली. पाठीच्या वरच्या पट्टीवर गावाचं नाव आणि साल कोरलं होतं, त्यातला सालाचा शेवटचा आकडा काढून तिथे फिक्या लाकडाचा तुकडा बसवला होता आणि त्यावर यंदाचा आकडा कोरला होता. ठिगळच म्हणायचं.

"सुतार चुकला असेल," पेनरी म्हणाला.

सोमवारी सकाळी समितीच्या चौघांनी खुर्ची टपावर चढवली. पेनरीचं म्हणणं, पालथी घाला, वारा कमी लागेल. समितीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो आपल्या आजीला पालथी घाला म्हणत होता. खुर्ची सरळ उभी, तोंड पुढे करून बांधली. निळ्या दोराने. आणि ती छोटी हिरवी गाडी डोक्यावर सिंहासन घेऊन रस्त्याला लागली. सिंहासनावर कोणी नव्हतं. त्यामुळे ते अधिकच कोणाचं तरी वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी घरी चहाचं ठरलं होतं. आळीतले सगळे येणार होते. तोवर खुर्ची घरी धडपणे न्यायची, एवढंच काम होतं.

*

क्रिकिएथ. टेकडीवर किल्ला, खाली समुद्र, मधे आइस्क्रीमचं दुकान. आयर्लिसने ठरवलं होतं : आधी आइस्क्रीम, मग किल्ला.

गाडी थांबताच कुत्रा फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ जागीच थबकले. त्यांनी टोपी काढली. खुर्चीकडे पाहिलं, पेनरीकडे पाहिलं.

"तुमची?"

"हो."

"कुठली?"

"लानेर्विनची."

"मोकळ्या छंदातली की बंधातली?"

"बंधातली."

गृहस्थांनी कुत्रा आयर्लिसच्या हाती दिला, बगलेतली छत्री अर्धी पेनरीच्या डोक्यावर धरली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "शांतता आहे का?"

आइस्क्रीमच्या रांगेतून उत्तर आलं, "शांतता." रांगेने तोंड फिरवलं. दुकानदारीणबाई हात पुसत बाहेर आल्या. आता कविता म्हटल्याशिवाय सुटका नाही, हे पेनरीला कळलं. आणि खरं सांगायचं तर सुटका हवी होती असंही नाही. त्याने कविता म्हटली. रांगेतल्या एका बाईंनी पुन्हा म्हणायला सांगितली, कारण त्यांचा नवरा तोवर गाडी लावत होता. मग त्या नवऱ्याच्या आईला फोनवर ऐकवली. आयर्लिसच्या हातातलं आइस्क्रीम कुत्र्याने खाल्लं. किल्ल्याचं फाटक बंद व्हायची वेळ झाली.

क्रिकिएथचा किल्ला : बाहेरून पाहिला. छान होता.

*

रस्त्यावर पोलिसाने हात केला.

"टपावर काय आहे?"

"खुर्ची."

"ते मला दिसतंय." पोलीस गाडीभोवती एक फेरी मारून आला. उंच होता, त्यामुळे त्याला पाठीची पट्टी वाचता आली. "हा शेवटचा आकडा कोणी बदलला?"

"सुताराने बदलला असणार, साहेब."

"गाडीचा नंबर असा खरवडून बदललेला दिसला, तर आम्ही काय समजतो, ठाऊक आहे?"

उभ्या आयुष्यात पेनरीने दुसऱ्याच्या अंगणातला काटकासुद्धा उचलला नव्हता. "ही मी जिंकलीय. कवितेसाठी."

"असं सगळेच म्हणतात," पोलीस म्हणाला. हे कुठले सगळे, ते पेनरीला कधीच कळलं नाही. "म्हणा बघू कविता."

"इथे?"

"खुर्ची चोरता येते. कविता पाठ करायला चोर थांबत नाही."

पेनरी रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मागे एक ट्रक, त्यामागे दुधाची टाकी, त्यामागे एक पर्यटक जोडपं अडकून पडलं. पोलिसाने टोपी काढून काखेत धरली आणि डोळे मिटून ऐकलं.

"तिसऱ्या कडव्यात थोडी घाई केलीत," तो शेवटी म्हणाला. "पण चोरीची नाही."

"आभारी आहे, साहेब."

"दोर निळा आहे म्हणून सोडतो. माझ्या वडिलांचा मृदंगाएवढा रेडिओ पिवळ्या दोरातून सुटून नदीत गेला." मग त्याने हातातला दंडुका अर्धा उचलून आडवा धरला आणि अवघडून, कोणी बघत नाही ना ते बघून, विचारलं, "शांतता आहे का?"

"शांतता," ट्रकवाला खिडकीतून म्हणाला. "आता सोडा की राव."

पेनरी गाडीत बसला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "आयर्लिस, ह्या देशात पोलिसालासुद्धा कडवं कळतं."

"तिसऱ्यात घाई होतेच तुझी," आयर्लिस म्हणाली. "मी घरीच सांगत होते."

*

हार्लेख. इथला किल्ला मात्र आतून पाहायचाच, असं आयर्लिसने बजावलं होतं. पण समुद्राकडून असा वारा सुटला की टपावर खुर्ची करकरू लागली. तिला तिथे एकटी सोडायला पेनरीचा जीव होईना. शेवटी दोघांनी ती उतरवली आणि दोन्ही बाजूंनी धरून किल्ल्याच्या दारापर्यंत नेली.

तिकिटाच्या खिडकीतला मनुष्य जाड चष्म्याचा आणि नेमस्त होता. "दोन माणसं," तो म्हणाला. मग चष्मा वर केला. "आणि?"

"ही आमच्याबरोबर आहे."

"खुर्ची आत नेता येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुत्र्याबद्दल नियम आहे. सायकलीबद्दल आहे. खुर्चीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, हीच अडचण आहे."

"लिहिलेलं नाही म्हणजे चालेल ना?"

"लिहिलेलं नाही म्हणजे विचारावं लागेल." त्याने फोन लावला. फोनवरच्या माणसाने दुसऱ्या माणसाला विचारलं. दुसरा जेवायला गेला होता. मागे रांग लागली. एका मुलीने विचारलं, ही राजाची खुर्ची का? आईने सांगितलं, हो, दुरुस्त करून आणली असेल. शेवटी चष्मेवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतला, आणि हा प्रसंग त्याच्या नोकरीत पुन्हा येणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तिकीट नाही. पण तटावर चढवू नका."

खुर्ची आत जाताना त्याने पट्टी वाचली आणि त्याचा चेहरा एकदम घरगुती झाला.

"लानेर्विन? माझी मेव्हणी आहे तिथल्या समितीत. म्हणजे ती कविता तुमची होय?"

"कुठली ती?"

"मेव्हणी म्हणत होती ना, यंदा एकच आली."

त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. माणूस भला होता. आयर्लिसला त्याने ज्येष्ठांची सवलतही दिली होती, आणि ती तिला अजून लागू नव्हती.

पेनरीने किल्ल्याच्या अंगणात मधोमध खुर्ची ठेवली आणि तिच्यात बसला. चारही बाजूंनी उंच भिंती, वर ढग, पलीकडे डोंगरांच्या रांगा आणि वाळूचा लांब पट्टा. सगळं होतं तिथेच होतं. पर्यटक त्याचे फोटो काढू लागले. त्यांना वाटलं, ही सोय किल्ल्यातर्फे आहे.

"एकच," पेनरी म्हणाला.

"पहिला तो पहिला," आयर्लिस म्हणाली.

"आणि शेवटचाही, आयर्लिस. एकट्याने पळालेल्या शर्यतीत मी पहिला आलो, आणि पळता पळता रडलो. आणि हे बघ." त्याने मागे हात करून ठिगळावर बोट ठेवलं. "ही गेल्या वर्षीची आहे. उरलेली. आकडा बदलून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली."

"गेल्या वर्षीची उरेल कशी?"

"कोणी आलंच नसेल. यंदा मी आलो. वाट बघतच बसले असतील, कोणी उचलतं का म्हणून."

एका जपानी गृहस्थाने अदबीने वाकून विचारलं, बायकोला खुर्चीत बसवून एक फोटो काढू का. पेनरी उठला. त्या बाई बसल्या आणि अगदी राणीसारख्या दिसल्या. आयर्लिस सांगते, हार्लेखमध्ये त्या दिवशी हसऱ्या चेहऱ्याने खुर्चीत बसलेलं माणूस तेवढं एकच.

*

बारमथ : पाहिलं नाही. पेनरीने डोळे मिटून घेतले होते.

डोलगेखलाय : पाहिलं. चहा प्यायला. चहावाली बाई खिडकीतून खुर्ची बघून बाहेर येऊ लागली, तेव्हा पेनरी म्हणाला, ती आम्ही विकायला नेतोय.

*

पुढे रस्ता कादेर इद्रिसच्या पोटाखालून जातो. इद्रिस नावाच्या राक्षसाची ती बैठक. डोंगरच त्याची खुर्ची. तिथे एक रात्र काढली की माणूस सकाळी कवी होऊन उठतो, नाहीतर वेडा. शाळेत हे पेनरीने कितीदा ऐकलं होतं. आता त्याला वाटलं, दोन्हींत फरक करणारे परीक्षक कुठून आणतात, हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

डोंगराच्या पायथ्याला तळं आहे. पेनरी म्हणाला, "थांब. फोटो काढू."

दोघांनी खुर्ची उतरवून तळ्याकाठी ठेवली. पाण्यात डोंगर पडला होता आणि डोंगरात खुर्ची. आयर्लिसने फोटो काढला. पेनरी गाडीत जाऊन बसला आणि पट्टा लावला.

"पेनरी, ती उचल ना."

"राहू दे. इद्रिसला जोड होईल."

"आणि उद्या आळीतले लोक?"

"सांगू, सुटली. दोर सुटला."

"निळा दोर? हँडेल जीव देईल."

आयर्लिसने त्याच्याकडे पाहिलं आणि भांडण केलं नाही. गाडी सुरू केली. पण ती इतकी हळू हाकत होती की मेंढ्यांचा एक कळप तिला मागे टाकून गेला. ती रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त बघत होती.

थोड्या वेळाने आरशात चार चाकांची शेतातली फटफटी दिसली. मागे छोटी गाडी जोडलेली, त्या गाडीत खुर्ची, आणि खुर्चीत एक काळापांढरा कुत्रा बसलेला. आयर्लिसने गाडी बाजूला घेतली. इतकी पटकन तिने दिवसभरात कुठेच घेतली नव्हती.

शेतकरी उतरला. लाल चेहरा, कानांपर्यंत टोपी.

"खुर्ची विसरलात."

"विसरलो नाही," पेनरी म्हणाला. प्रामाणिकपणा नको तिथे दाखवायची त्याची जुनी खोड.

"विसरायचेच. कवी लोक. माझा चुलता कवी होता, बायकोला जत्रेत विसरून आला." त्याने कुत्र्याला खाली उतरवलं आणि बाहीने बैठक पुसली. "कविता कशाबद्दलची आहे?"

"अहो, ऐका तर. त्या स्पर्धेत माझी एकच कविता आली होती. दुसरं कोणी नव्हतंच."

शेतकऱ्याने नाक खाजवलं. "माझा मेंढा एकदा प्रदर्शनात एकटाच होता. दुसरा मेंढाच आला नाही."

"मग? पहिला आला असेल."

"कुठला. परीक्षकाने त्याला दुसरा नंबर दिला." त्याने थुंकायचा विचार केला, आयर्लिसकडे पाहून रद्द केला. "म्हणाला, पहिल्याच्या लायकीचा नाही. मेंढा मनाला लावून घेत नाही, म्हणून बरं. ऐकवा कविता."

पेनरीचं लक्ष मेंढ्याकडे नव्हतं. त्याला वाटलं, आता हा सोडत नाही, आणि खुर्ची आणून दिलीय बिचाऱ्याने, तेव्हा म्हणून टाकावी. त्याने पहिल्यांदाच कविता हळू म्हटली, कारण घाई करावी इतकीसुद्धा उमेद उरली नव्हती. आई रोज सकाळी पुढची पायरी घासते. बाप खाणीतून येतो तो मागच्या दाराने. पोरंही मागून. पुढची पायरी पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर पाय ठेवायची कोणाची छाती नाही. तिसरं कडवं असं होतं :

*घासून घासून पायरी खोल झाली,*
*वाटेल, हजारो पावलं पडली असतील.*
*पाऊल कुणाचं नाही पडलं तिथे,*
*झिजवली ती तिने, तिच्या हातांनी.*

मेंढ्या चरायच्या थांबल्या होत्या. आयर्लिसच्या मते त्या कुत्र्याला बघून थांबल्या होत्या.

शेतकरी खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिला. "आमच्याकडचं पुढचं दार आई गेली तेव्हा उघडलं होतं," तो म्हणाला. "तिला न्यायला." मग त्याने खुर्ची टपावर चढवली, जुन्या गाठी सगळ्या सोडल्या आणि स्वतःच्या बांधल्या. "ह्या आता सुटायच्या नाहीत. कापाव्या लागतील." जाताना तो म्हणाला, "घरी जाऊन दार उघडतं का बघतो."

फटफटी गेली. पेनरी रस्त्यात तसाच उभा.

"बस आता," आयर्लिस म्हणाली. "गाठी सुटायच्या नाहीत म्हणे."

*

सैतानाचा पूल : पाहिला नाही. मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी शेजारणींना कविता ऐकायला बोलावून ठेवलं होतं. पोलिसाची ती आतेबहीण निघाली.

*

अस्त्राद फ्लीर. पडका मठ. एका बाजूला जुनं यूचं झाड, आणि त्याखाली फार मोठा कवी पुरलेला आहे असं म्हणतात. पेनरीला तिथे नको होतं. आयर्लिस म्हणाली, "चल. मेलेला माणूस विचारणार नाही, किती कविता आल्या होत्या म्हणून."

आणि पाऊस आला. साधा नाही, आडवा. हँडेलने ताडपत्री द्यायची म्हटलं होतं, पेनरीने नको म्हटलं होतं, कारण तेव्हा ते गुपित होतं. तो झाडाखाली धावला, वळून पाहतो तो आयर्लिस गाडीपाशीच. गाडीच्या उंबरठ्यावर पाय देऊन ती वर चढली होती, अंगातला रेनकोट काढून खुर्चीच्या पाठीला गुंडाळत होती, बैठकीवर तिची नवी हॅट पालथी घातली होती. ओकच्या लाकडाला पाण्याने काही होत नाही. दोनशे वर्षं होत नाही. हॅटला होतं.

पेनरी भिजत परत आला. "अगं, उतर. ओक आहे तो."

"ठिगळाचा डिंक सुटेल," आयर्लिस म्हणाली. केस कपाळाला चिकटले होते. "तू काही म्हण. आम्हाला कविता आवडलीय."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"मला. पोलिसाला. त्या मेंढ्यावाल्याला. आणि त्या आइस्क्रीमच्या कुत्र्याला."

पेनरीने तिला हात देऊन उतरवलं. स्वान्सीच्या बाजाराच्या पलीकडे ह्या बाईला काही दाखवलं नाही, आणि आज दाखवायला आणलं तर तिने दोन दिवस एका खुर्चीची सावली होऊन काढले, हे त्याला तेव्हा, भर पावसात, दिसलं. त्याने तसं म्हटलं नाही. तो म्हणाला, "तटावर गेलो नाही आपण हार्लेखला. पुन्हा जाऊ. खुर्ची न घेता."

"बघू," आयर्लिस म्हणाली. पण ती गाडी हाकताना गुणगुणत होती.

*

मंगळवारी संध्याकाळी कुमहेलिगच्या चढावर गाडी दिसली तेव्हा अख्खी आळी बाहेर उभी होती. घरातून बाराब्रिथचा, मनुका घातलेल्या गोड पावाचा, वास येत होता. आयर्लिसच्या घराची किल्ली काकूंकडे असते, त्यामुळे चहा झाला होताच.

पेनरीने ठरवलं होतं, उतरल्याबरोबर सांगून टाकायचं. पण आधी हँडेल पुढे झाला आणि गाठी बघून त्याचा चेहरा पडला. "हे कोणी बांधलं?" त्याला त्या सोडवता आल्या नाहीत. कापाव्या लागल्या. निळा दोर कापताना हँडेलने दुसरीकडे पाहिलं.

मग खुर्ची मागच्या बोळातून नेली. मागच्या दारात ती अडकली. आडवी केली, अडकली. पालथी केली, तरी अडकली. हात आत जायचे तर पाय राहायचे, पाय जायचे तर पाठ.

"मी सहज म्हणाले होते," बेनन काकू म्हणाल्या.

राहिलं पुढचं दार. ते पेनरीच्या आईला नेलं तेव्हापासून उघडलं नव्हतं. लाकूड फुगलेलं, बिजागऱ्या गंजलेल्या. हँडेलने पहार आणली. आतून दोघं ढकलायला गेले. दार एकदा कण्हलं आणि धाडकन उघडलं, आणि आतल्या माणसांवर धूळ पडली.

पेनरीची नजर खाली गेली. पायरी पांढरी होती. अजून ओली. मधली खळगी घासून घासून चकचकीत केलेली, कडेच्या खाचासुद्धा. त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंचे हात मनगटापर्यंत लाल होते आणि त्यांनी ते ॲप्रनखाली घेतले.

"काकू," पेनरी म्हणाला, "सांगायचं होतं. स्पर्धेत माझी एकच कविता होती. दुसरी कोणाचीच नव्हती."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"शनिवारीच कळलं. हँडेलच्या बहिणीचे दीर लानेर्विनचे." आळीने मान डोलावली. हेही गुपित त्यांनी छान राखलं होतं.

"मग हे सगळं? चहा? आणि ही पायरी?"

"खुर्ची आपोआप चालत येणार होती का? आणायला दार लागतं, दाराला पायरी लागते." काकूंनी पायरीकडे पाहिलं. "तुझ्या आईची पायरी माझ्यापेक्षा नेहमी पांढरी असायची. मी पहाटे उठून बघितलंय. काय लावायची, तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू लिहिलंयस का ते?"

"नाही, काकू. मलाही ठाऊक नाही."

"मग काय उपयोग. असो. ऐकव."

खुर्ची पुढच्या दाराने आत आली. आत येताना सगळ्यांनी पायरी चुकवून ढांग टाकली, पेनरीनेही. पुढच्या खोलीत जागा करून ती खिडकीशी ठेवली. हँडेलने ठिगळावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, सुताराचा हात चांगला आहे, हे काम कंटाळून केलेलं नाही.

सगळे पेनरीने बसण्याची वाट बघत होते. पेनरीने काकूंचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. "गुडघे दुखत असतील," तो म्हणाला.

"दुखतायत," काकू म्हणाल्या, आणि बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मग त्यांना काही तरी आठवलं. त्यांनी कोपऱ्यातली छत्री मागून घेतली, अर्धी वर धरली, आणि आळीकडे बघत विचारलं, "शांतता आहे का?"

"शांतता," आळी म्हणाली. दारातून, खिडकीतून, जिन्यावरून.

पेनरी उभ्यानेच कविता म्हणू लागला. तिसऱ्या कडव्यात त्याने घाई केली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी लानेर्विनच्या त्याच स्पर्धेत अकरा कविता आल्या होत्या. परीक्षक तेच होते, आणि लायकीची एकही नाही म्हणून त्यांनी खुर्ची कोणालाच दिली नव्हती.